एका दमात ओतलेला रंग

धुळे
१२ जुलै २०२५

प्रिय वृषाली,

जय जिनेंद्र.

गेले दोन-तीन दिवस तू मला फोन लावत असशील आणि ती बाई 'बंद आहे, बंद आहे' म्हणत असेल. बाई खरं बोलते. फोन बंद आहे आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बंदच राहणार आहे.

झालं असं, की चातुर्मास बसला त्या दिवशी आमच्या जैन स्थानकात महाराजसाहेबांनी विचारलं, चार महिने कोण काय सोडणार. मम्मीजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोड सोडलं. (त्याच त्या सायरबाई, लग्नात तुझ्या ताटात नको नको म्हणताना गुलाबजाम टाकत होत्या.) शेजारच्या काकींनी टीव्ही सोडला. माझ्याकडे नजर वळली तेव्हा माझ्या हातात फोन होता. मी त्यात काय बघत होते ते विचारू नकोस. तोंडातून निघून गेलं, 'मोबाइल'. महाराजसाहेबांनी तिथल्या तिथं पच्चक्खाण दिलं, म्हणजे रीतसर शपथच. आता नेम घेतला तो घेतला. अर्पित म्हणतो, माझ्या फोनवरून बोल की मैत्रिणीशी. नवरा असून असली पळवाट दाखवतो.

म्हणून पत्र. पोस्टात अंतर्देशीय मागितलं तर तिथल्या ताई म्हणाल्या, मुलांच्या शाळेत पत्रलेखनाचा धडा आहे का?

दुकान जोरात आहे. आग्रा रोडवर रंगाचं दुकान म्हटलं की पप्पाजींचं नाव निघतंच. कापडाचे रंग, रांगोळीचे, गणपतीच्या मूर्तींचे, आणि आता पोळ्यासाठी बैलांच्या शिंगांचे. अर्धा दिवस मी गल्ल्यावर असते. तुला वाटतं तशी मी इथं कुढत वगैरे बसलेली नाही, बरं का. प्रयोगशाळेची आठवण येते, पण जीव तुटत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी लाल बाटली कशी आहे? अजून लालच आहे, की गाळ बसला खाली? सविस्तर लिही, आणि जरा सोपं लिही, कारण तुझं पत्र मी मम्मीजींना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. टीव्ही काकींनी सोडलाय, पण त्या बघायच्या आमच्याकडे येऊन, त्यामुळे आमचाही बंद झालाय.

तुझी,
विधी


असोदा
२१ जुलै २०२५

विधीबाई,

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. आधी आजीनं उघडलं. घरी पोस्टानं आलं म्हणजे कोणीतरी गेलं, अशी तिची समजूत आहे. अक्षर बघून म्हणाली, 'हे तर आपल्या वांगं न खाणाऱ्या पोरीचं.' द्रौपदाबाईंच्या लेखी तुझी तेवढीच ओळख आहे. असोद्याचं भरीत सोडून वरणभात मागणारी मुलगी तिनं दुसरी पाहिली नाही.

आमच्याकडेही वर्षावास सुरू आहे. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं आणि यंदा वाचायची पाळी माझी. म्हणजे तू तिकडे चार महिने मौनात आणि मी इकडे तीन महिने माइकवर. आबा पहिल्या रांगेत बसतात आणि मी अडखळले की खोकतात.

काकूंसाठी सोपं करून सांगते. काकू, विधीनं दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत सोन्याचं पाणी केलं होतं. सोन्याचे कण इतके बारीक झाले की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सोनं पिवळं न दिसता डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, आणि पाण्यात तरंगत राहतात. एकमेकांना चिकटले की गोळे होतात, पाणी निळं पडतं आणि शेवटी तळाशी काळा गाळ बसतो. आता या पाण्यात कापडाचा गुलाबी रंग घातला, ऱ्होडामिन म्हणतात त्याला, तर रंगाचे रेणू कणांवर जाऊन बसतात. त्यांच्यावर धन भार. मग सोनं तरंगतं की बसतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तुमच्या सुनेच्या बाटलीत रंग भरपूर आहे आणि सोनं दोन वर्षं तरंगतंय. खिडकीच्या वरच्या फळीवर आहे, लालभडक.

सरांनी ती परत एकदा करून बघायला सांगितली आहे. प्रबंधात घालायची तर एकदा करून चालत नाही. तर मला सांग, पाणी कोणतं होतं, भांडं कसं धुतलंस, रंगाचं प्रमाण तेच ना, जे लिहून ठेवलंयस?

बाकी ठीक.

तुझी,
वृषाली


धुळे
२ ऑगस्ट २०२५

प्रिय वृषाली,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मम्मीजी म्हणाल्या, 'सोनं बसलं नाही तर चांगलंच की. बसवायचं कशाला?' आता याला तुझे हितेंद्र सर काय उत्तर देतील ते विचारून ठेव.

पाणी आपलंच, दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं. भांडी आम्लराजानं धुतलेली, तू शेजारी उभी राहून धुवून घेतली होतीस. सोनं उकळून, गार करून, मग रंग. प्रमाण लिहिलंय तेच. यात चुकायला काही नाहीच. तुझा हात तर माझ्यापेक्षा शंभरपट नेटका. सलाइन लावल्यासारखा थेंब पडतो तुझा. जमेल.

पप्पाजींची गंमत सांगते. गेल्या आठवड्यात एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, गुजरातेतून. पप्पाजींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, 'आमच्या सूनबाईचा शोधनिबंध छापून येतोय, सोन्याच्या पाण्यावर.' मी म्हटलं, पप्पाजी, अजून आला नाही. तर म्हणाले, 'रंग वाळायला वेळ लागतो.' लखीचंद शेठचा हिशेब असा आहे. आता रोज विचारतात, आला का. म्हणून म्हणते, लवकर आवर बाई.

शिंगांच्या रंगाची पोती येऊन पडलीत. माझी नखं लाल, निळी, पिवळी. स्थानकात बसले की सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघतात.

तुझी,
विधी


जळगाव
१० ऑगस्ट २०२५

प्रिय विधी,

मागच्या पत्रात मी 'बाकी ठीक' असं लिहिलं होतं. बाकी ठीक नाही.

तुझी बाटली परत होत नाही. मी किती वेळा केली ते सांगत नाही, पण दर वेळी तेच. रंगाचे पहिले काही थेंब पडतात तोवर लाल, मग जांभळं, मग निळं, आणि दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ. पाणी बदललं. रंगाची बाटली बदलली. भांडी पुन्हा धुतली. तापमान बदललं. सोनं बसतंच. थेंब अगदी सावकाश सोडते, हात जराही हलू देत नाही, तरी बसतं.

सरांकडे गेले. सरांनी फळीवरची तुझी बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, 'वृषाली, यात ऱ्होडामिन या प्रमाणात आहे हे कशावरून? त्या मुलीला कायम घाई असायची. घाईत बाटल्या बदलल्या असतील. किंवा रंग थोडाच घातला आणि आकडा भलताच लिहिला.' मी म्हटलं, सर, विधी असं करणार नाही. ते म्हणाले, 'मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण जे दुसऱ्याच्या हातून होत नाही ते झालं असं मी मानत नाही.' त्यांचंही चूक नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि तेच मला जास्त लागलं.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला सेमिनार आहे. बाहेरचे तज्ज्ञ येणार. तोवर जमलं नाही तर ते प्रकरण काढून टाकायचं. प्रकरण गेलं की निबंध गेला, आणि निबंध गेला की तुझं नाव गेलं. शिवाय फळीवरची बाटली टाकून द्यायची, असंही सर म्हणाले. मी ती माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

मला एकच सांग. त्या दिवशी नेमकं काय केलंस? आठवेल तेवढं सगळं. मला फक्त खरं हवंय, ते कसंही असो.

तुझी,
वृषाली

ता. क. हे पत्र काकूंना वाचून दाखवू नकोस.


असोदा
२६ ऑगस्ट २०२५

विधी,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही असं आधी वाटलं. मग वाटलं, पोचलंय म्हणूनच उत्तर नाही.

तू रागावली असशील तर तसं लिही. शिव्या दे. तुला येतात तेवढ्या सौम्य शिव्या खाऊन माझं काही बिघडणार नाही. पण गप्प राहू नकोस. रोज बसमधून उतरले की आधी आजीला विचारते, पोस्टमन आला होता का. आता तीही काळजीत पडलीय. म्हणते, 'आजारी शे का पोर? खाईना पिईना, तर आजारीच पडीन.'

अर्पितभाऊंना फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण तू पळवाट म्हणाली होतीस, म्हणून नाही केला.

वृषाली


धुळे
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय वृषाली,

आधी खमतखामणा. संवत्सरी झाली. वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर. मलाही तुला क्षमा करायची होती, आणि यंदा ती जरा जड गेली. पण केली.

आजीला सांग, आजारी नव्हते, पण खात नव्हते हे खरं. पर्युषणात अठाई केली, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. त्यात पोळा मधेच आला. दुकानात ही झुंबड. सगळ्या तालुक्यातले बैल आमच्याच दुकानातून रंगून गेले असावेत. मी उपाशी पोटी शिंगांचा रंग तोलत होते आणि मला लाल रंगाच्या जागी दोन लाल रंग दिसायला लागले, तेव्हा पप्पाजींनी घरी पाठवलं. त्यामुळे पत्र राहिलं. पण तेवढ्याचमुळे राहिलं नाही. राग आला होता.

आणि ऐक, 'काकूंना वाचून दाखवू नकोस' हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. पत्र शेवटापर्यंत वाचल्याशिवाय शेवट कसा कळणार, प्राध्यापकबाई? मी मोठ्यानं वाचत गेले. 'बाटल्या बदलल्या असतील' इथं आल्यावर मी थांबले. मम्मीजी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, 'पुढचं वाच.' वाचलं. मग विचारलं, 'तू बदलल्यास?' मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, 'मग ते तुझ्या मैत्रिणीला लिही,' आणि पुढची भाकरी घेतली. मला तुझ्यापेक्षा त्यांनी कमी प्रश्न विचारले, म्हणून तुझा राग आला. आता गेलाय.

तर लिहिते. डिसेंबर होता. दिवस लहान. मेसचं जेवण रात्रीचं, ते मला चालायचं नाही, म्हणून मी सकाळीच डबा करून आणायचे आणि सूर्य मावळायच्या आत व्हरांड्यात बसून खायचे. तुम्ही सगळे मला 'सूर्यास्त एक्स्प्रेस' म्हणायचा. त्या दिवशी सोनं गार व्हायला उशीर झाला. तू बाहेर माझी खुर्ची धरून बसली होतीस आणि तिथून ओरडत होतीस, 'विधे, गेला बघ, टाकीच्या मागं गेला.' सर म्हणतात मला घाई होती. होतीच. इतकी, की बाटल्या बदलायला तरी वेळ कुठून असणार होता मला? रंग मोजून टेस्टट्यूबमध्ये ठेवलेलाच होता. ती अख्खी सोन्यात एका दमात उपडी केली, कांडीनं गरागरा ढवळलं, झाकण लावलं, हात धुतले आणि पळत बाहेर आले. मेथीचे ठेपले होते. तू दोन खाल्लेस.

एवढंच आहे, यात खोटं काही नाही. सरांना पटलं नाही तर नाव काढा. पण माझी बाटली फेकू नका.

विधी


असोदा
६ सप्टेंबर २०२५

विधी, विधी, विधी,

मीही क्षमा मागते आणि करतेही, पण ते नंतर. आधी हे ऐक.

तुझं पत्र काल मिळालं. विहारात वाचन होतं. मी ग्रंथाच्या आत तुझं पत्र ठेवून वाचलं, आबांना दिसलं, ते खोकले. 'एका दमात उपडी केली' इथं मी थांबले, आणि माइकवरचं पुढचं वाक्य काही केल्या सापडेना. सगळा विहार माझ्याकडे बघत होता. आबांनी शेवटी पाळी वहिनीला दिली.

आज सकाळी पहिल्या बसनं गेले. सोनं केलं, गार केलं. रंग मोजून टेस्टट्यूबमध्ये घेतला. विधी, माझा हात तयार होईना. शाळेपासून शिकवलंय, थेंब थेंब सोड, हलवत राहा, घाई करू नकोस. मी डोळे मिटले आणि उपडी केली.

लाल राहिलं.

दुसरं केलं, तेही लाल. तिसरं मुद्दाम थेंबाथेंबानं केलं, निळं पडलं. दुपारी जेवायचं विसरले, आणि संध्याकाळी आजीची बोलणी खाल्ली.

काकूंसाठी सांगते, आता हे वाचून दाखव. काकू, कणांवर ऋण भार आणि रंगावर धन. थोडा रंग बसला की भार फिटतो, कणांना एकमेकांची आडकाठी राहत नाही, ते चिकटतात. पण भरपूर रंग बसला तर कणांवर धन भार येतो, मग पुन्हा सगळे सारखे, पुन्हा लांब लांब. म्हणजे अलीकडच्या बाजूला सोनं सुखरूप, पलीकडच्या बाजूला सुखरूप, आणि घात आहे तो मध्ये. मी थेंबाथेंबानं रंग घालून त्यांना नेमकं मध्ये उभं करत होते. तुमच्या धुळ्यात आग्रा रोड ओलांडताना मध्ये थबकलं की जे होतं तेच. एकदा चिकटले की मग वरून कितीही रंग ओता, सुटत नाहीत. विधीनं एका दमात ओतला, आणि कण एकमेकांना भेटायच्या आत पलीकडे गेले.

तर सगळी करामत घाईची होती. आणि ती घाई कुणी लिहून ठेवली नव्हती, कारण कुणाला ती प्रयोगाचा भाग वाटलीच नाही. तुलाही नाही, मलाही नाही. मी तर खुर्ची धरून ओरडत होते. त्या अर्थानं या शोधात माझाही वाटा आहे.

सरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटत नाही. दहा ऑक्टोबरला तू ये. सगळ्यांसमोर मी थेंबाथेंबानं करते, शेजारी तू एका दमात कर. तुझ्या हातानं.

येशील ना?

वृषाली


धुळे
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय वृषाली,

पत्र मोठ्यानं वाचलं. मम्मीजींनी दोनदा वाचायला लावलं. मग पप्पाजी आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. पप्पाजी म्हणाले, 'दुकानात तर रोज सांगतो गिऱ्हाईकाला, रंग एकदम टाकू नका, कापडावर डाग पडतात. हे उलटंच निघालं.' मी म्हटलं, कापडाचं तुम्हीच बरोबर आहात. ते खूश झाले.

येते. पण वृषाली, मला भीती वाटते. दोन वर्षांत टेस्टट्यूब हातात धरली नाही. सगळ्यांसमोर माझा हात थरथरला आणि अर्धी ओतून अर्धी राहिली तर? मधेच थांबले तर निळं पडणार, आणि मग सर म्हणतील, बघा, मी म्हटलं होतं. पत्रात रागानं लिहिलं नाव काढा म्हणून, पण मला माझं नाव तिथं हवंय गं. प्रयोगशाळेतलं माझं तेवढंच एक काम आहे. बाकी मी सुखात आहे, ते खोटं नाही. पण हे मला हवंय.

म्हणून सराव करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या मागच्या मोरीत पाण्याचा पेला घेऊन दुसऱ्या पेल्यात उपडा करते. मम्मीजींनी काल विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, 'मनगट वळव, खांदा नको वळवू.' त्या रोज तांब्यानं पाणी गाळतात, त्यांना माहीत.

त्या येणार आहेत सोबत. अर्पित गाडी काढणार. मम्मीजींची अट एकच. सूर्य मावळायच्या आत माझं जेवण झालं पाहिजे. डबा त्या घेणार. सेमिनार लांबला तर त्या उठून उभ्या राहतील, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

तुझी,
विधी


असोदा
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय विधी,

तुम्ही त्या दिवशी निघालात तेव्हा इतकी गर्दी होती की तुला नीट सांगता आलं नाही. तू व्हरांड्यात जेवत होतीस तेव्हा आत काय झालं, ते तुला माहीत नाही.

तुझ्या समोरचं तर तू पाहिलंसच. माझं सलाइनचं निळं पडलं तेव्हा मागून कोणीतरी चुकचुकलं. मग तू पुढं आलीस, पदर खोचलास, आणि मला एकदम काकूंची आठवण आली. मनगट वळवलंस. मी तुझ्याकडे नाही, काकूंकडे बघत होते. त्या मागच्या रांगेत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचंही मनगट वळलं. लाल राहिलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी परत करायला सांगितलं, परत लाल. मग त्यांनी प्रश्न सुरू केले आणि ते थांबेनात, आणि तू उत्तरं देत होतीस, आणि मी खिडकीतून बघत होते. सूर्य टाकीच्या मागं गेला. तू बोलणार नाहीस हे मला माहीत होतं. काकू उठून उभ्या राहिल्या.

पण त्यांच्या आधी सर उठले होते. 'यांना जेवायचंय,' म्हणाले, 'दहा मिनिटं थांबू.' तेवढं तू ऐकलंस आणि गेलीस.

तू गेल्यावर तज्ज्ञ म्हणाले, चर्चा छान रंगात आली होती, थांबायचं काय कारण? सर म्हणाले, 'दिवस मावळला की ती पाणीही घेत नाही. या प्रयोगाचं कारण तेच आहे. मी म्हणायचो, या मुलीला फार घाई असते. खरंच होती. तिची घाई हीच पद्धत आहे. तिनं लिहिली नाही, कारण तिला ती रोजचीच होती. मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. संशय घेतला.' मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'या प्रकरणात पद्धतीचं पहिलं वाक्य लिहा, रंग एका दमात ओतावा. आणि निबंधावर तिचं नाव आधी.' मी तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

नंतर ते पाण्याचा जग घेऊन स्वतः व्हरांड्याकडे आले. मी मागं होते. तोवर दिवस मावळला होता आणि तू हात जोडून डोळे मिटले होतेस, तुझं झालं होतं. ते दारातच थांबले. बोलायचं होतं त्यांना, मला कळत होतं. पण तुला हाक मारावी असं त्यांना वाटलं नाही. जग घेऊन तसेच परत गेले. म्हणून हे मी लिहितेय. ते पाणी माफीचं होतं, विधी.

बाटली त्यांनीच रुमालात गुंडाळून काकूंच्या पिशवीत ठेवली. काकू म्हणाल्या, 'सोनं आहे, सांभाळून नेते.' सर हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत दोनदाच हसताना पाहिलंय.

आबा सगळ्या असोद्यात स्वतःचंच नाव घेऊन सांगत फिरताहेत, देवचंदची पोरगी डॉक्टर होणार. लोक आत्तापासून बीपी तपासून घ्यायला येताहेत. आजीनं तुझ्यासाठी निरोप दिलाय, हिवाळ्यात ये, वांग्याशिवायचं काहीतरी करते. तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

तुझी,
वृषाली


धुळे
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय वृषाली,

पौर्णिमा झाली. नेम पूर्ण झाला. फोन सुरू केला तर हजारभर मेसेज, निम्मे सुप्रभातचे. तुझा एकही नाही. चार महिने तू पत्रंच लिहीत बसलीस. म्हणून हे शेवटचं मीही पत्रानंच लिहिते, मग फोन करते.

सरांचं तू लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्यांदाच. एकटीनं वाचलं आणि थोडी रडले, मग मम्मीजींना दिलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, घडी घातली आणि देवघरात ठेवलं. मग म्हणाल्या, 'जग घेऊन आले होते ना? मग झालं.' सरांना मी वेगळं पत्र लिहिलंय. खमतखामणाच लिहिला. वर्ष सरायची वाट कशाला बघायची?

बाटली दुकानात आहे. पप्पाजींनी गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात, सगळ्या रंगांच्या मधोमध ठेवलीय. इतर सगळ्या डब्यांवर भाव लिहिलाय, हिच्यावर नाही. परवा खेड्यातले एक आजोबा आले, नातीच्या लग्नासाठी रंग घ्यायला. बाटलीकडे बोट करून त्यांनी भाव विचारला, 'शेठ, हाऊ लाल रंग कितलाले शे?'

पप्पाजींनी नाही म्हणून मान हलवली, 'हाऊ इकाना नही शे. आम्हनी सूनबाईना शे.'

आजोबा वाकून बघायला लागले. 'काय शे म्हणजे हाऊ?'

मी आत पुड्या बांधत होते. पप्पाजींनी हाक मारली, मला गल्ल्यावर बोलावलं, स्वतः बाजूला सरकले आणि आपली खुर्ची मला दिली. त्या खुर्चीवर मी आजवर त्यांना दुसऱ्या कुणाला बसवताना पाहिलं नाही.

'सांग त्यांना,' म्हणाले. 'एका दमात सांग, त्यांची बस आहे.'

मी सांगितलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं. बस गेली.

तुझी,
विधी